रशीदसाहेब उभे राहिले तेव्हा

सोहार (ओमान), १२ ऑक्टोबर २०१४

तीर्थरूप श्रीपादमामांना रमणचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची साखर कशी आहे? आम्ही इथे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. गुरुवारपासून मला जेवण जात नाही.

कारण तुम्ही दिलेली ती सीडी. (दोष देत नाही. जन्मभर लाल बावट्याखाली घोषणा दिलेल्या माणसाने ‘आमचं कुठे बिघडलं ते यात बघ’ म्हणून दिलेला सिनेमा भाच्याने एकट्याने बघायचा असतो, हे मला कळायला हवं होतं.) मी पडलो कंपनीच्या क्लबचा सांस्कृतिक सचिव. दर महिन्याला क्लबात तेच मारामारीचे सिनेमे, म्हणून गुरुवारी न बघताच हा लावला. कम्युनिस्ट राजवटीतला एक जिल्हाप्रमुख. त्याच्या हुकमाने बांधलेला पूल नदी सोडून भलतीकडेच उभा राहतो. त्याला सांगणार कोण? मग सगळे अधिकारी नावेतून नदी ओलांडतात आणि पूल उत्तम झाल्याचं कळवतात.

हे उलगडलं तेव्हा आमचे मॅनेजर रशीदसाहेब पहिल्या रांगेत बसलेले होते. मामा, गेल्या वर्षी त्यांनी कॅन्टीन नव्या इमारतीत हलवलं. ते इतकं लांब आहे की जाऊन येण्यातच जेवणाची सुट्टी संपते. आम्ही सगळ्यांनी ‘फार सोय झाली’ म्हणून सांगितलंय आणि डबे मशीनमागे बसून खातो.

त्यामुळे सिनेमात हसावं की नाही, हे आम्ही साहेबांच्या मानेकडे बघून ठरवत होतो. मान हलेना. नावेच्या प्रसंगाला वसईचा आपला रॉक फसकन हसला आणि ते त्याने खोकल्यात मुरवलं. तेवढ्यात साहेब उठले. झालं, अख्खा हॉल उभा. साहेब बाथरूमला गेले होते. ते परत येईपर्यंत आम्ही उभेच, आणि पडद्यावर जिल्हाप्रमुखाचं भाषण चाललेलं.

आज सकाळी बोलावणं आलं. सुगंधाने पलंगाखालच्या बॅगा ओढल्या. (व्हिसा कंपनीचा, घर कंपनीचं, साईची शाळा इथली.) साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

“रमण, पिक्चर अच्छा था. वो आदमी बिलकुल हमारे मस्कतवाले बडे साहब जैसा है.”

मी मान अर्धवटच हलवली. हलवली तर मीही तसंच म्हटल्यासारखं, न हलवली तर साहेब खोटे.

“गुरुवार को वो आ रहे हैं. उनको दिखाओ. पहले तुम पाँच मिनट बोलना. इन्शाल्ला, समझ जाएँगे.”

म्हणजे जे सांगायला साहेब घाबरतात, ते मी सांगायचं. बाकी ठीक. मामींना नमस्कार.

तुमचा,
रमण

ता.क. रॉक उद्या सुट्टीवर वसईला निघतोय, पत्र तोच हातात देईल. (फोनवर बोलायची सोय नाही, इथल्या भिंती पातळ आहेत.) मामा, बुधवारपर्यंत तुम्ही गंभीर आजारी पडा आणि मामींना ऑफिसात फोन करायला सांगा. ताप पुरणार नाही, छातीचं काहीतरी बघा.

ता.क. २. पाकीट चिकटवतोय तोच रशीदसाहेबांचा फोन. घरी जाऊन त्यांचाही धीर सुटला असावा. “रमण, इंडिया में तुम्हारा कोई बीमार नहीं है?” मी म्हटलं, “मामा हैं.” ते केवढे हलके झाले म्हणून सांगू. “अल्लाह शिफा दे. तुम जाओ, सीडी भी ले जाओ. पिक्चर खलास.” तेव्हा तुमचं आजारपण आता वरून मंजूर झालेलं आहे, त्यात बदल करता येणार नाही. मी बुधवारी पोहोचतो. विचारपूस करायला साहेब स्वतः स्काइपवर येणार आहेत. तोवर दाढी करू नका.