डावा हातमोजा

तीर्थरूप बाबांना,

शिरसाष्टांग नमस्कार. आधी सवयीने ‘आईबाबांना’ असं लिहून गेले, म्हणून हा दुसरा कागद घेतला.

मी मजेत आहे. कारखान्यात अजून हातमोज्यांना अंगठे जोडायचंच काम आहे. ‘आमची लेक एवढ्या लांब जाऊन अंगठे शिवते’ असं तुम्ही अजून सगळ्यांना हसून सांगता का? मी वेळेवर जेवते. तुम्ही जेवता ना? की शेजारच्या काकूंनी दिलेला डबाच दोन्ही वेळा पुरवता?

थंडी पडली तरी तुम्ही यंदा एकदाही टेकडीवर गेला नाहीत, असं दादा म्हणाला. म्हणून हे पार्सल. जाड लोकरीचे पायमोजे, चहाचा छोटा थर्मास आणि कपाळाला बांधायची बॅटरी आहे. दुकानदाराने विचारलं, “एवढ्या थंडीत कोण चढतंय डोंगर?” म्हटलं, “आमचे बाबा.” खोटं पाडू नका मला.

दरवर्षीसारखे मी शिवलेले हातमोजेही आहेत. मागच्या वर्षी थंडीत घरी आले तेव्हा कपाटात सगळे डावे मोजे कोरे करकरीत सापडले होते, आणि उजवे पार विरलेले. मी चिडले, तर आई म्हणाली, “अगं, चढताना त्यांचा डावा हात माझ्या हातात असतो. त्याला कशाला हवाय मोजा?”

यंदा डाव्याला आतून दुहेरी अस्तर लावलंय. तोही घाला, बाबा.

तुमची,
धाकटी