डाव्या पायाची टाच

आई,

तुला पत्र लिहायचं कधी सुचलं नव्हतं. तू होतीस तेव्हा आपण दोघी एकाच छपराखाली, पत्र कशाला? आणि तू गेल्यावर पत्ता कुठला घालणार. पण शिगमो झाल्यापासून माझ्यामागे जे काही लागलं ते सांगायला घरात दुसरं माणूस नाही, आणि खरं बोलायचं तर त्यातली निम्मी चूक तुझी आहे. म्हणून तुलाच सांगते, ऐकून घे.

माझी अपंगांची पेन्शन तुला आठवत असेल. तूच माझा हात धरून बसने पेडण्याला नेलं होतंस, कागदी दाखला करून आणला होतास, आणि घरी आल्याआल्या तो ट्रंकेच्या तळाशी, तुझ्या लुगड्यांखाली ठेवून दिला होतास. शेजारणीने विचारलं की म्हणायचीस, शिवणकामाचे पैसे येतात हिचे. शिवणकाम तेव्हा होतंच. आता मशीन कोपऱ्यात आहे, त्यावर मी कपडे वाळत घालते, कारण गुडघा पायडल मारू देत नाही. म्हणजे आता खरोखर त्या पेन्शनवरच माझी चूल पेटते, आणि यंदा ती यायची थांबली. मी तो दाखला घेऊन पंचायतीत गेले. तिथे कॉम्प्युटरवर बसणारी बाई भली आहे, तिने खुर्ची दिली. म्हणाली, "मावशी, जुनो कागद आता चलना. नवीन कार्ड करूंक जाय. डॉक्टरांच्या बोर्डासमोर परत तपासणी होईल, मग पेन्शन सुरू." मी म्हटलं, पाय तोच आहे गो, इतक्या वर्षांत वाढला नाही. ती हसली. मग फॉर्म भरताना विचारलं, संपर्कासाठी दुसरा नंबर? घरातल्या कोणाचा, नात्यातल्या कोणाचा. ती की-बोर्डवर बोटं ठेवून वाट बघतेय, मागे रांग उभी आहे, आणि मला एकही माणूस आठवत नाही. शेवटी मी पोदेराचा नंबर दिला. रोज सकाळी दारात भोंपू वाजवून पाव देतो, पैसे नंतर दिले तरी चालतात, म्हणून त्याचा नंबर माझ्याकडे आहे. नातं काय लिहू, तिने विचारलं. मी म्हटलं, तुला काय लिहायचं ते लिही.

आता तुझ्या चुकीकडे येते. मला तू चालायला दोनदा शिकवलंस. पहिल्यांदा सगळ्या आया शिकवतात तसं, आणि तापात पाय गेल्यावर दुसऱ्यांदा. डावा पाय आखूड राहिला तसा तू डिचोलीच्या गॅरेजमधून खाणीच्या ट्रकांच्या जुन्या टायरचे तुकडे आणायला लागलीस. बाबा ट्रकवर होते तोवर ते आणत, नंतर तू स्वतः जायचीस. तो तुकडा आदोळीच्या पात्यावर तासून माझ्या डाव्या चपलेखाली ठोकायचीस, एकावर एक, आणि मग त्याच आदोळीवर बांगडे कापायचीस. वर्षाला एक जोड. चप्पल घातली की माझं चालणं कोणाला ओळखू यायचं नाही. पण देवळात, लोकांच्या घरात चप्पल बाहेर राहते. त्यासाठी तू दुसरी युक्ती काढलीस. अंगणात चुन्याची रेघ मारलीस आणि मला त्यावरून अनवाणी चालवलंस. "टाच उचल गो. चवड्यावर चाल. मान वर, पायाकडे पळोव नको, समोर बघ." मी डाव्या चवड्यावर चालते, दोन्ही पाय सारखे दिसतात, पोटरीत गोळा येतो, आणि तू तुळशीजवळ उभी राहून म्हणतेस, "परत." त्याच अंगणात मी एकदा रडून म्हटलं की जमत नाही. तू जवळ आलीस, मला वाटलं उचलून घेशील. तू म्हणालीस, "हा शब्द काढू नको. एकदा म्हटलंस की लोक जन्मभर तेच धरून बसतात." मी तेव्हा सहा वर्षांची असेन.

आणि ती हळर्णची माणसं बघायला आली तो दिवस. मी चहाचा ट्रे घेऊन आले, गेले, सगळं रेघेवरून चालल्यासारखं झालं. मुलगा बरा होता, माझ्याकडे बघून हसलाही होता. मग त्याची आत्या म्हणाली, मुलीची पावलं बघू. आपल्याकडे बघतातच, त्यात तिचं काही चुकलं नाही. मी न्हाणीत पाय भिजवले आणि लाल कोब्यावरून चालले. मागे वळून बघायची मला सवय नव्हती, तूच मोडली होतीस. बघितलं ते आत्याने. उजव्या पायाचं पाऊल लक्ष्मीच्या पावलासारखं पुरं उमटलेलं, आणि डाव्याची नुसती बोटं आणि चवडा. टाच कुठेच नाही. तिने चहा संपवला, फणसाची भाजी छान झाली म्हणाली, आणि त्यांच्याकडून पुन्हा निरोप आला नाही. तू फडकं घेऊन कोबा पुसलास, कोरडा झाल्यावरही पुसत राहिलीस. माझ्याशी मात्र बोलली नाहीस.

तर बोर्डाच्या दिवशी मी काय केलं असेल ते तुला कळलंच असेल. नवी साडी नेसले, केसांत अबोली माळली. सरकारी माणसांसमोर जाताना नीटनेटकं जावं हेही तुझंच. मोठ्या इस्पितळात सकाळपासून बसून दुपारी नंबर लागला. डॉक्टर तरुण होता, दमलेला होता, बाहेर अजून शंभर माणसं होती. चप्पल काढा, म्हणाला. चालून दाखवा. आणि मी चालले. अशी चालले की तू तुळशीजवळ उभी असतीस तर पहिल्यांदाच 'परत' म्हणाली नसतीस. जिना चढता येतो? येतो. खाली बसून उठता येतं? येतं. बाजारहाट? मीच करते. सगळी उत्तरं तोंडातून आपोआप बाहेर पडली. बाहेर आल्यावर मला चक्क बरं वाटत होतं, आई. परीक्षेत पास झाल्यासारखं.

पंधरा दिवसांनी पोदेर भोंपू न वाजवता दारात उभा राहिला. "बाय, तुजो मेसेज आयला माज्या फोनार." पेन्शनला चाळीस टक्के अपंगत्व लागतं, मला त्याहून कमी दिलं होतं. पेन्शन बंद. पंचायतीतल्या बाईने कागद वाचला, मग मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "मावशी, तुम्ही तिथे चाललात तरी कशा?" मी सांगितलं. मग तिने अपिलाचा अर्ज भरून दिला आणि म्हणाली, या वेळी घरात चालता तशा चाला. घरी येऊन मी विचार करत बसले की घरात मी कशी चालते. मला खरंच माहीत नव्हतं.

दुसऱ्या तपासणीला दोन डॉक्टर होते, त्यातल्या एक वयस्क बाई. खोलीची फरशी नुकतीच पुसलेली, फिनेलचा वास. चालून दाखवा म्हणाल्या. सगळं ठरवून गेले होते तरी टाच उचलली गेली. पाच-सहा पावलं गेले, वळले, आणि या वेळी खाली बघितलं. ओल्या फरशीवर उजवं पाऊल पुरं, डाव्याची बोटं. मी तिथेच थांबले. वाटलं, ती आत्या तिथे खुर्चीत बसली आहे. मग मी म्हटलं, "डॉक्टर, मी खोटं चालले. परत चालते." आणि टाच टेकली. अंग सगळं डावीकडे कलंडलं, टेबलाला धरावं लागलं, साडीचा पदर घसरला. तशीच चालत खुर्चीपर्यंत गेले. त्यांनी पाय हातात घेतला, टेपने मोजला, पोटरी दाबली. खाली बसता येतं? जमत नाही. जिना? जमत नाही. दुसऱ्यांदा तो शब्द काढताना मी अडखळलेही नाही. मग त्या बाईंनी कागदावरून मान न उचलता विचारलं, "इतकी वर्षं चवड्यावर चालताय, दुखत नाही?"

आई, हे मला कोणी कधी विचारलं नव्हतं. तूही नाही. आणि मीही तुला कधी सांगितलं नाही, तू टायर तासताना बोटं कापून घ्यायचीस ते मी बघत होते, मग कुठल्या तोंडाने सांगणार. मी म्हटलं, दुखतं. रोज दुखतं. आणि बाहेर येऊन बाकावर बसून रडले. शेजारी बसलेल्या बाईने विचारलं, कोण आलंय का बरोबर? मी नाही म्हटलं. राग आला होता तुझा, आणि त्या क्षणी हवी होतीस तूच.

गणेशचवथीच्या आधी पोदेराच्या फोनवर मेसेज आला. "जालें बाय तुजें," म्हणाला आणि दोन उंडे पाव जास्त ठेवून गेला. नवीन कार्ड मी ट्रंकेत ठेवलेलं नाही. बाहेरच्या कोनाड्यात उभं करून ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. येणारंजाणारं कोण आहे म्हणा. हे पत्र मात्र ट्रंकेत जाईल, तुझ्या लुगड्यांखाली, जुन्या दाखल्याची जागा रिकामी आहे.

एक सांगायचं राहिलं. मी घरात कशी चालते ते आता मला कळलं. सगळ्या घरभर टाच टेकून चालते, फक्त तुझ्या फोटोसमोर आले की उचलते. इतकी वर्षं. आज तिन्हीसांजेला दिवा लावायला निघाले तेव्हा ठरवून टेकली, कलंडत कलंडत तुझ्यासमोरून देवापर्यंत गेले. परत येताना उचलली.