काळीत जीव असतो

१२ नोव्हेंबर, मंगळवार
पुन्हा चटका! टायमरच्या चिपवर बोट ठेवलं आणि पोळलं. परवापर्यंत हीच चिप गुणी बाळासारखी चालत होती. बटण दाबलं की दिवा लागायचा, थोड्या वेळाने आपोआप विझायचा.

दिवा बाबांसाठी, म्हणजे सासऱ्यांसाठी. संडासाच्या वाटेवर मागच्या महिन्यात पडले ते. माझा नवरा यासुहिको म्हणतो, "आता एकदा पडले की वृद्धाश्रम. माझ्याच्याने निभत नाही." निभावतं कोण, ते विचार की मला!

१३ नोव्हेंबर
निप्पोनबाशीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुवाबारांच्या दुकानात जाऊन भांडले. चिपा बनावट असणार. म्हणे, "ताई, चिप आपणहून तापत नाही. उलटी जोडली असेल." लग्नाआधीपासून सर्किटं करते मी. मला शिकवतोय! तरी नव्या आणल्याच, तीन.

१४ नोव्हेंबर
एक गेली. दुसरीही गेली.

१५ नोव्हेंबर
कुवाबारांचा दोष नव्हता. शेवटी अडॅप्टरजवळचा जोड उघडला. वायर बाबांच्याच जुन्या पेटीतली, एक काळी, एक पांढरी. सर्किटात काळी मी नेहमी वजा टोकाला लावते. ती अधिक टोकाला! आणि वरची टेप इतकी सफाईदार, की माझी असूच शकत नाही. घरात कोणीतरी हात घालतंय.

यासुहिको? वृद्धाश्रमाची घाई त्यालाच. जेवताना रोखून पाहत राहिले. "मासा तूच करपवलास, मला काय बघतेस?" चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण याच्या चेहऱ्यावर काहीच नाही. जेवून कामासाठी नागोयाला गेला.

मग जोड सरळ केला, शेवटची चिप बसवली. दिवा लागला.

१६ नोव्हेंबर
सकाळी दिवा लागत होता. दुपारी बेंतोच्या, म्हणजे जेवणाच्या डब्यांच्या दुकानातलं काम आटपून आले तर चिप जळलेली, वायरी पुन्हा उलट्या. यासुहिको अजून नागोयातच. उरलं कोण?

बाबा मुद्दाम करतात. सुनेचे उपकार नकोत. जन्मभर लोकांच्या घरांत वायरी ओढल्या त्यांनी, काय कुठे लावलं की जळतं हे त्यांना नाही तर कोणाला कळणार? फार राग आला. वाटलं, जाऊ देत वृद्धाश्रमात.

१८ नोव्हेंबर
पाळतीवर राहायचं ठरवलं. जोड सरळ करून कामाला गेले आणि लवकर परतले. बाबा जमिनीवर बसलेले, हातात पकड, जोड उघडलेला. हात जरासुद्धा थरथरत नव्हते.

मान वर न करताच म्हणाले, "कुठल्या गाढवाने जोडलंय हे? काळीत जीव असतो, करंट असतो; पांढरी जमिनीची, अर्थिंगची. घराच्या वायरिंगचा पहिला धडा!" मग माझ्याकडे पाहिलं, अनोळखी बाईकडे पाहावं तसं. आवाज खाली आणला. "आमची सून रोज यात हात घालते हो. मरेल बिचारी. भेटली तर सांगा तिला."

"सांगते," म्हटलं.

१९ नोव्हेंबर
बाबांचा जोड तसाच ठेवला. सर्किटाकडची टोकं मीच उलटी केली, आता माझ्याकडेही काळीच अधिक; कुवाबारांकडून नवी चिप आणली. दिवा लागतो, चिप गार आहे. यासुहिकोला सांगितलं — बाबा कुठेही जाणार नाहीत.