रिकामा फ्लॅट आणि आमचे पडदे

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. मोठे गुंतवणूकदार लिहितात म्हणे. माझी गुंतवणूक: एक फ्लॅट, तिसरा मजला, आठ महिने रिकामा. बँकेने व्याज वाढवलं, हप्ता गळ्याशी आला. उपाय सोपा. कर्ज नव्या बँकेत न्यायचं, कमी व्याजाने. रिफायनान्सिंग. घाबरण्यासारखं काही नाही.
या कर्जासाठी राहतं घरही तारण ठेवलंय. घर माझ्या एकट्याच्या नावावर, त्यामुळे बायकोची सही लागली नाही. योग्य वेळी सांगेन.

६ मार्च
नव्या बँकेतल्या मॅडमनी विचारलं, फ्लॅटमध्ये भाडेकरू आहे का? आहे की, म्हणालो. तोंडातून निघून गेलं. मग रजिस्टर केलेला भाडेकरार आणा म्हणाल्या. शिवाय त्यांचा व्हॅल्युअर किंमत ठरवायला येणार, भाडेकरूशी बोलणार. बाहेर पडल्यावर दहा मिनिटं उन्हात उभा राहिलो. एसी फार होता.

७ मार्च
सुचलं! मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ, चाळिशीचा, एकटा जीव, उभं आयुष्य भाड्याच्या खोल्यांत. करार अकरा महिन्यांचा, भाडं कागदावर भरघोस, प्रत्यक्षात शून्य. ताईला बोलू नकोस, एवढीच अट. सही करण्याआधी त्याने सगळी पानं वाचली. कशाला, कोण जाणे.

१२ मार्च
फ्लॅट राहता दिसायला हवा. बायको ऑफिसात असताना हॉलचे पडदे, दोन खुर्च्या आणि लहान कुकर नेला. पडदे ड्रायक्लीनिंगला दिलेत, खुर्च्या दुरुस्तीला, असं सांगितलं. कुकरसुद्धा का, असं तिने विचारलं. मी आंघोळीला गेलो. दिवसातून दुसऱ्यांदा.

१३ मार्च, स. ११
फोन वाजला. उचलण्याआधी उठून उभा राहिलो. विमावाला होता.

१५ मार्च
व्हॅल्युअर येऊन गेला. मेहुण्याला तीनदा बजावलं होतं, खऱ्या भाडेकरूसारखा वाग. वागला. बेडरूममधली ओल दाखवली, गळका नळ सोडून दाखवला, मालक फोन उचलत नाही म्हणाला. मालक शेजारीच उभा. व्हॅल्युअरने सगळ्याचे फोटो काढले. नंतर झापलं, तर म्हणतो, दाजी, वीस वर्षांचं साठलेलं होतं, आज ऐकणारा भेटला.
तरी अभिनय अस्सल. काम झाल्यात जमा.

२२ मार्च
फ्लॅटची किंमत कर्जापेक्षा कमी ठरली. मॅडमनी फाइल परत दिली, वर पाणीही विचारलं. दोन ग्लास प्यायलो. दुसऱ्या बँका आहेत.

१९ एप्रिल
दुसऱ्या बँका नाहीत.

१० जून
तीन हप्ते थकले. नोटीस येणार म्हणून रोज पोस्टमनला गेटवरच गाठत होतो. आज नेमकी दाढी करत होतो. बायकोने पाकीट फोडलं. आत आमच्याच घराचा पत्ता, ठळक अक्षरात.
ती बसायला वळली, तिथे खुर्ची नव्हती. मग जमिनीवर बसली आणि कागद पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली.
आता लिहूनच टाकतो. भीती वाटते. मार्चपासून वाटतेय.

१४ जून
मी म्हटलं, फ्लॅट विकू. बायको म्हणाली, त्याने कर्ज फिटत नाही, हे तुमच्या त्या नव्या बँकेनेच लिहून दिलंय. राहतं घर विकायचं, तिने ठरवलं. आम्हाला राहायला हवा म्हणून, मार्चपासून तिथेच मुक्काम ठोकलेल्या मेहुण्याला फ्लॅट सोडायला सांगितलं. करार फेब्रुवारीपर्यंत आहे म्हणाला, पान चार. ताई केव्हाही येऊ शकते. माझ्याबद्दल विचार करून सांगतो म्हणाला.

२ सप्टेंबर, संध्याकाळी
घर गेलं, कर्ज फिटलं. फ्लॅटवर आलो. बेडरूम बायकोला, हॉल मेहुण्याचा, मला बाल्कनीजवळची जागा. ओल तिथपर्यंत आलीय.
बायकोने स्टूल मागितलं. ड्रायक्लीनिंगचे ते पडदे कुठल्या खोक्यात आहेत, म्हणाली.
मी स्टूल शोधत राहिलो. तिने स्वतःच खिडकीकडे पाहिलं. पडदे मार्चपासून लागलेलेच होते.