सायकलच्या ट्यूबची पट्टी

गोराई, ५ मार्च १९८४

ती. ताईस, सा. न. वि. वि.

मी शाळेतल्या अनंताच्या घरी लपलोय. गावी आईला कळवू नकोस. परवा साकीनाक्याच्या कारखान्यात पत्र्याचे वॉशर कापणाऱ्या प्रेसखाली माझ्या दोस्ताची, लवूची, चार बोटं तुटली. हात आत राहू नयेत म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो. लवूच्या मशीनचं एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं दाबून बांधलेलं होतं. बोटं मी वॉशरच्या भंगारातून रुमालात वेचली. समोर सुपरवायझर श्यामकांत चहा घेऊन उभा. कोटा, कोटा करून त्यानंच आमचा जीव खाल्ला होता. मी सळई उचलली नि तो पडल्यावरही हाणत राहिलो. त्याचा एक डोळा फुटला.

तू तत्त्वज्ञान शिकतेस ना? मग सांग, मी बरोबर केलं.

तुझाच,
जयवंत

विलेपार्ले, ९ मार्च

चि. जयवंत यास अनेक आशीर्वाद.

गाढवा, पत्र दोनदा वाचलं. माझ्या प्रबंधाचा तो प्रणाली-सिद्धान्त, ज्यावरून तू मला चिडवतोस, त्याला आमचे सर इंजिनियरिंग म्हणतात आणि इंजिनियर तत्त्वज्ञान म्हणून हाकलतात. तो सांगतो, एकच पुरजा धरून बसू नका, काय फिरून कुठे येतं ते पाहा. म्हणून वर्तुळ काढलं: कोटा वाढला, हात घाईला आले, बटण बांधलं गेलं, माल जास्त निघाला, मालकानं कोटा पुन्हा वाढवला. श्यामकांत त्यातला एक पुरजा.

मग लवूला इस्पितळात भेटले. तो तोंड फिरवून रडला. श्यामकांतनं ती पट्टी दोनदा कापून टाकली होती म्हणे. बांधून कुणी दिली, तेही सांगितलं. खरं आहे का रे? पोलीस घरी येऊन गेले.

काळजीत असलेली,
वनमालाताई

गोराई, १२ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खरं आहे. लवूचा कोटा भरत नव्हता, त्याला कामावरून काढतील म्हणून मीच बांधली. कापल्यावर पुन्हा बांधली. श्यामकांत मार खाताना तेच ओरडून सांगत होता. कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून मी त्याच्या तोंडावर मारलं.

तुझं वर्तुळ वाळूत काढून पाहिलं. बरोबर आहे गं, पण बटणापाशी माणूसच नाही. तिथे माझं नाव घाल.

उद्या सकाळच्या होडीनं येतो, थेट पोलीस चौकीत जातो. आईला तू सांग. माया कमी करू नकोस. आणि श्यामकांतचा दुसरा डोळा वाचला का, तेवढं कळव.

तुझा,
जयवंत