गुरुजींची खुर्ची

क्लेमांसबाई,

मठात येणारी पत्रं आधी मोठ्या मदर वाचतात, म्हणून हे पाठवणार नाही.

गास्पारसाहेबांनी मला, त्यांचे बूट पुसणाऱ्या नोकराला, केसांचा टोप चढवून गाण्याचा मास्तर केलं, ते त्यांच्या प्रेमाच्या चिठ्ठ्या तुम्हाला चोरून पोचवायला. "नाटकात असंच करतात, ब्लेझ," म्हणाले, "पाचव्या अंकात लग्न लागतं!" तुमचे वडील कोपऱ्यात पेंगायचे, मी बेसूर गायचो. पण तुम्ही रोज खुर्ची पुढे करायचात. "बसा, गुरुजी." रुआँ शहरातल्या एकाही दिवाणखान्यात मी कधी बसलो नव्हतो. बाई, मला त्या खुर्चीची चटक लागली.

शेवटच्या चिठ्ठीत होतं, गुरुवारी पहाटे मागच्या दाराशी गाडी उभी असेल, पळून जाऊ. तुम्ही गेलात की शिकवणी संपणार. चिठ्ठी मी दिलीच नाही. तुम्ही नजरेनं विचारायचात, मी नकारार्थी मान हलवायचो. साहेबांना वाटलं, तुम्हीच आला नाहीत. ते फौजेत निघून गेले. म्हाताऱ्या नोटरीशी लग्नाला तुम्ही नाही म्हणालात, म्हणून वडिलांनी तुम्हाला मठात धाडलं.

निघायच्या दिवशीही मी टोप घालूनच आलो. डोळे पुसत तुम्ही खुर्ची ओढलीत.

"बसा, ब्लेझ. तुम्ही कोण ते त्यांनी पहिल्याच चिठ्ठीत कळवलं होतं."

म्हणजे खुर्ची रोज नोकरालाच मिळत होती.

मी बसलो नाही. हे पत्रही उभ्यानंच लिहितोय.

तुमचा चिठ्ठीचोर,
ब्लेझ