सहावा सुरुंग

पोर्ट ब्लेअर, ८ नोव्हेंबर २००५

ती. सोमामामांस,
सप्रेम जयभीम.

बॅरन बेट पाहिलं! ना माणूस, ना घर. समुद्रातून वर आलेला नुसता काळा डोंगर. मे महिन्यापासून धुमसतोय. दर दोन-तीन मिनिटांनी राख आणि लाल दगड उडायचे, आवाज मागून यायचा. लाव्हा समुद्रापर्यंत पोचलाय. तिथे पाणी उकळून वाफेची भिंत उभी राहते. थंड झाला की तोच आपला बदलापूरचा काळा कातळ, ज्यात तुम्ही जन्मभर विहिरी खोदल्यात.

काल आमचं जहाज निघालं तेव्हा मात्र डोंगर गप्प झाला होता. पुढच्या महिन्यात जहाज परत जाईल. तेव्हाही गप्प दिसला तर बेटावर उतरून दगडांचे नमुने घ्यायचे, असं आमचे भूगर्भ खात्याचे साहेब म्हणतात. उतरणाऱ्या तिघांत मी आहे. आईला तुम्हीच बेतानं सांगा.

तुमच्या मायेतली,
संध्या

हेंद्रेपाडा, बदलापूर, १७ नोव्हेंबर २००५

चि. संध्यास अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. फोन केला नाही, कारण तो तुझ्या आईच्या उशाशी असतो. गुडघे सोडले तर भीमाताई ठणठणीत आहे. शेजारच्या कौसाबाईला तिनं सांगून ठेवलंय की पोरगी बोटीवर मोठी साहेब आहे. मी कशाला खोडू?

आता ऐक. मी चौथी नापास, मला ज्वालामुखीतलं काय कळणार! पण कातळाशी चाळीस वर्षं संसार केलाय. विहिरीत सहा सुरुंग लावले की वर बसून सहा आवाज मोजायचे. एक कमी भरला तर तो आत जिवंत आहे, कधीही फुटेल; त्या दिवशी कुणी खाली उतरायचं नाही.

तुझे बाबा अंबरनाथच्या विहिरीत गेले, तेव्हा तू पहिलीत होतीस. घाईनं उतरले, असं आम्ही सगळ्यांना सांगितलं. तसं नाही, बाळा. मोजणारा मी होतो. पाचव्याचा आवाज टेकडीवर आदळून परत आला, तो मी सहावा धरला. म्हणालो, दाजी, झाले सहा, उतरा. माझ्या शब्दावर उतरले बिचारे.

एकोणीस वर्षं हा घास घशात आहे. ताईलाही सांगितलेलं नाही. तुझ्या डोंगराच्या पोटात किती सुरुंग, कुणी मोजलेत? गप्प बसला म्हणजे संपला, हे कुणी ठरवलं? मामावर थुंक हवं तर, पण बोटीतच बस.

माया पातळ झाली तरी तोडू नकोस.
तुझा,
सोमामामा

पोर्ट ब्लेअर, १२ डिसेंबर २००५

ती. मामांस,
जयभीम.

उत्तराला उशीर झाला.

मी उतरले नाही. साहेबांना म्हटलं, आधी एक अख्खा दिवस बोटीतून बघू. ते चिडले, म्हणाले, घाबरत असशील तर घरी जा. पण थांबले. सकाळभर शांत. दुपारी साडेतीनला डोंगर फुटला. जिथं होडी लावणार होतो, त्या काठावर हंड्याएवढे दगड पडत होते. साहेबांनी माझ्यासाठी चहा पाठवला.

तुमच्या पत्रानं मी वाचले, आणि त्याच पत्रानं बाबा पुन्हा गेले. दोन्ही एकदम कसं धरू, कळत नाही. आईला मी सांगणार नाही. ते तुमचं काम. पंचवीस तारखेला मी घरी येतेय. आदल्या दिवशी तिच्यासमोर बसा आणि सांगा. ती ओरडेल, तुम्हाला बाहेर काढून दार लावेल. तिथंच पायरीवर बसून राहा. मी येईपर्यंत उठू नका.

लोभ तुटलेला नाही, आज एवढंच लिहवतं.
संध्या